बोटीच्या वहीतली कापलेली दोन पानं

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने फर्मान सोडलं, की आजी, बोटीची वही पूर्ण स्कॅन करून पाठव, मला वर्गात दाखवायची आहे. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कपाटातून वही काढली, टेबल पुसलं, आणि पहिलं पान यंत्रावर ठेवताना लक्षात आलं की वही तुमच्यापर्यंत पोचली की तुम्ही पहिला प्रश्न एकच विचाराल: पान सतरा आणि पान अठरा कुठे आहेत?

ती मी कापली. पट्टी लावून, ब्लेडने, शिवणीपासून बोटभर जागा सोडून. तीसएक वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि वहीचं पान फाडणाऱ्या मुलाला कधी मोकळं सोडलं नाही, म्हणून वही पाठवण्याआधी हे लिहायला बसले आहे. त्या दोन पानांमुळे एका बाईचं इंजिन जप्त झालं आणि तिच्या खरबुजांचं पाणी तुटलं, असा तिला संशय होता. त्याच्या आधी मला तिच्यावर वेगळाच संशय होता. आणि शेवटी माझा मलाच आला.

हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वेळ लागेल. अडेल तिथे आईला विचारा. वही इंग्रजीत लिहिली ती तुमच्या सोयीसाठी, आणि अर्धा घोटाळा तिथेच झाला.

बोट तुम्हाला आठवतच असेल. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तुमचे बाबा ती पिशवीत घडी करून घेऊन आले. निळी, तळाला राखाडी, दोन कप्प्यांत हवा भरायची, दोन वल्ही आणि एक पायपंप. धरणाच्या फुगवट्यावर तुम्ही चार दिवस धुमाकूळ घातलात, आणि परत जाताना सामानाचं वजन जास्त भरतंय म्हणून बोट आमच्या गळ्यात घातलीत. थोरलीने वरून जाड पुठ्ठ्याची एक वही दिली आणि बजावलं, "बोट असली की वही ठेवावी लागते आजी. प्रत्येक फेरीची. वेळ, वारा, पाणी, काय दिसलं, काय ऐकू आलं. काहीही गाळायचं नाही."

मला हे सांगायची गरज नव्हती. गॅसची टाकी कधी लावली, दूध कधी विरजलं, आजोबांची गोळी कधी चुकली, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं.

तुमच्या आजोबांनी जनावरांचे डॉक्टर म्हणून या तालुक्यातली गावं नोकरीभर पालथी घातलेली. काठावर त्यांना सगळे ओळखायचे. आठवड्यातून दोनदा आम्ही कळमनुरीहून पहाटे निघायचो आणि अर्ध्या तासात पाण्यापाशी पोचायचो. ते वल्हवायचे, मी मागे बसून लिहायची. दोघांच्याही अंगात नारिंगी जॅकेट. पहिल्याच आठवड्यात जाळं झटकणाऱ्या एका मासेमाऱ्याने हाक मारली, "डॉक्टरसाब, गाई-म्हशी संपल्या का? आता मासे तपासून राहिले?"

"मासे बरे," आजोबा म्हणाले. "लाथ मारत नाहीत."

बोट दर वेळी घरी नेऊन हवा काढणं, परत भरणं, हे आमच्या गुडघ्यांना झेपेना. म्हणून ती काठावरच्या एका खोपीशेजारी, लिंबाखाली, पालथी ठेवायची असं ठरलं. खोपी ज्या बाईची होती ती पन्नाशीची, अंगाने काटक. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन पुसेगावला. हिवाळ्यात धरणाचं पाणी उतरायला लागलं की मागे ओला काळा गाळ उघडा पडतो. काठचे लोक त्यात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. पुढच्या पावसाळ्यात ते सगळं पुन्हा पाण्याखाली जातं. या बाईने त्या गाळात खरबूज लावलं होतं. वर्षाचं तिचं तेवढंच पीक. पाण्याच्या कडेला एक जुनं डिझेल इंजिन मांडून ती वेलांना पाणी द्यायची.

डिसेंबरात बोट मऊ पडायला लागली. आदल्या खेपेला परत येताना मी स्वतः कडा दाबून पाहिलेली असायची, नारळासारखी टणक. चार दिवसांनी पहाटे यावं तर कडा अंगठ्याखाली दबते. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. हवा कोणी काढत असेल? बोट कोणी वापरत असेल, आणि परत ठेवताना कमी हवा भरत असेल? जवळ राहणारी एकच. मी आजोबांना बोलले तर ते म्हणाले, "तिला बोटीतून जायचं कुठंय? पलीकडं काय सासर आहे तिचं?"

मी ऐकलं नाही. हवेच्या झाकणावर आणि बोटीच्या रबरावर मिळून पेनने एक बारीक रेघ मारली. झाकण कोणी फिरवलं तर रेघ तुटलेली दिसेल. पुढच्या खेपेला रेघ जशीच्या तशी जुळलेली होती आणि बोट मऊच होती. आता माणसाने काय समजावं? मी समजले की ही बाई फार हुशार आहे, रेघ जुळवून झाकण लावते. वहीत मी लिहिलं, आणि ते पान चौदावर अजून आहे, की बोटीला कोणीतरी हात लावत असल्याचा संशय आहे.

आजोबा शेवटी बोट गाडीत टाकून वारंगा फाट्यावर टायर-पंक्चरवाल्या चाचांकडे घेऊन गेले. मीही गेले, पुरावा माझाच होता ना. चाचांनी बोट कडेकडेने पाण्याच्या हौदात बुडवून पाहिली. एकही बुडबुडा नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, रेघेसकट. ते हात पुसत म्हणाले, "अम्मा, आप देखते कब?"

"परत आल्यावर. दहा-अकराला."

"और ढीली कब मिलती?"

"पहाटे."

"हवा कू बी थंड लगती अम्मा. सुबह ट्रकां के टायर देखो, सब मुरझाए हुए. दुपेर कू नाप के सुबह पे इल्जाम लगारे तुम."

गाडीत आजोबा वारंगा फाट्यापासून घरापर्यंत नुसती शीळ वाजवत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं. वहीत मी संशयाच्या ओळीखाली 'थंडी' एवढंच लिहिलं. संशयाची ओळ खोडली नाही, कारण नोंद खोडायची नाही हा माझाच नियम.

पण रेघ मारताना तिने मला पाहिलं होतं.

पुढच्या खेपेला ती खोपीतून बाहेर आली आणि बोटीपाशी उभी राहिली. "मॅडम, झाकणावर काय रेघ मारून राहिल्या होत्या तुमी?"

"खूण केली होती."

"कशाची?"

"अशीच गं."

"अशीच कोणी खूण करत नसतं." तिने पाण्याकडे हात केला. "आमच्या सासऱ्याचं रान तिकडं हाय, त्या मधल्या पाण्याखाली. सासू सांगायची. एक जण वही घेऊन आलता. खुटे ठोकले, चुन्याच्या खुणा केल्या, इंग्रजीत लिवलं, आमच्या घरी चहा पेला. सासऱ्यानं इचारलं, काय लिवलं? तर म्हणला, अशीच नोंद हाय. मंग पाणी आलं."

तिने माझ्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं. "आमचं नाव हाय का त्यात?"

"नाही."

"वाचून दाखवा."

मी बोट ठेवून एकेक ओळ मराठीत करून वाचली. वारा उत्तरेचा. पाणी दोन बोटं उतरलं. तीन बगळे. पाण्यातल्या दगडावरची तिसरी खूण उघडी पडली. वाचता वाचता पान चौदावर आले, आणि संशयाच्या ओळीवरून माझं बोट उडी मारून 'थंडी'वर गेलं.

ती त्या बोटाकडेच बघत होती.

"एवढं मोठं पान," ती म्हणाली, "अन् सगळा वाराच?"

त्या दिवसापासून मी वही काढली की ती कामातून मान वर करायची. काठावरच्या इतर बायकाही बोलणं थांबवायच्या. मला राग यायचा. आपण कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आपल्याकडे असं बघतात. त्यांना असं बघायला शिकवणारं माणूस मीच, हे त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

जानेवारीत एकदा आम्ही पाण्यावर असताना धुई आली. काठ दिसेना, सूर्य दिसेना, आजोबांची पाठही पुसट. त्यांनी वल्हवलं, थांबले, पुन्हा वल्हवलं. आपण गोल फिरतो आहोत हे मला कळत होतं, कारण पाण्यावर तरंगणारं तेच एक लाकूड दुसऱ्यांदा दिसलं. त्यांनीही ते पाहिलं असावं.

मग आवाज आला. टक्, टक्, टक्, आणि मग सलग. तिचं इंजिन.

"ऐक," आजोबा म्हणाले. "उजवीकडं."

त्या आवाजाच्या रोखाने आम्ही काठाला लागलो. ती इंजिनापाशी वाकलेली होती, आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. तिच्यामुळे आम्ही परत आलो हे मी तिला सांगायला हवं होतं. मी गाडीत बसले आणि वहीत लिहिलं: इंजिन ऐकू आलं, पावणेसात, आग्नेयेकडून, त्यावर परतलो. पुढच्या पाच फेऱ्यांत, धुई असो नसो, मी तिचं इंजिन कधी सुरू होतं आणि कुठल्या दिशेला ऐकू येतं ते टिपत गेले. दीपस्तंभ टिपतात तसं. ती नोंद पान सतरा आणि अठरावर होती.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. धरणातलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवायचं म्हणून इंजिन लावून पाणी उपसायला बंदी झाली होती. मी ते पेपरात वाचलं होतं. आमच्या नळालाही तेच पाणी येतं, बंदी योग्यच होती, आजही मी तेच म्हणेन. पण पेपरातली ती बातमी आणि वहीतला तो आवाज यांची गाठ माझ्या डोक्यात एकदाही पडली नाही.

संक्रांतीनंतर माझा एक जुना विद्यार्थी तिळगूळ द्यायला घरी आला. हिंगोलीला पाण्याच्याच एका ऑफिसात कामाला. पाया पडला, चहा घेतला. मी त्याला वही दाखवली. का दाखवली? कारण पाण्याची उतरती मापं मी ओळीने लिहिली होती आणि त्याने ती पाहून वाहवा करावी असं मला वाटत होतं. दुसरं काही कारण नाही. त्याने पानं उलटली, डोळे मोठे केले. "मॅडम, आमच्या ऑफिसात सुद्धा असं रजिस्टर नाही. अक्षर तर बघा! अजून तसंच."

"तुझं सुधारलं का?" मी विचारलं.

तो हसला आणि मोबाईल काढून दोन पानांचे फोटो घेतले. ताजी पानं, सतरा आणि अठरा. मी पान सरळ धरून ठेवलं, सावली पडू नये म्हणून.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही काठावर गेलो तेव्हा काठ गप्प होता. सूर्य वर आला, बगळे आले, पलीकडच्या अंगाला दुसऱ्या कोणाची दोन इंजिनं बारीक वाजत होती. तिचं नाही. इंजिनाच्या जागी गाळात चार खळगे आणि सांडलेल्या डिझेलचा डाग. ती वेलांच्या कडेला बसलेली होती. उठली नाही.

"या," ती म्हणाली. "लिवा. आज इंजिन वाजत न्हाई म्हणून लिवा."

आजोबांनी विचारलं, काय झालं.

"गाडी आलती काल. नेलं उचलून." ती त्यांच्याशी बोलत होती, बघत माझ्याकडे होती. "डॉक्टरसाब, तुमीच सांगा. ते मला म्हणले, पावणेसातला चालू करती न तू? रोज? आता पावणेसात हे तेंना कोणी सांगलं? मी तर घड्याळ बघून चालू करत न्हाई."

मी वही पिशवीत होती तशीच ठेवली. बोट पाण्यात घातली नाही. गाडीत आजोबा म्हणाले, "योगायोग असेल." त्यांचा आवाज मला ओळखीचा होता. मेलेल्या जनावराच्या मालकाशी ते या आवाजात बोलायचे.

घरी येऊन मी विद्यार्थ्याला फोन लावला.

"तसं काही नाही मॅडम," तो लगेच म्हणाला. मी अजून नीट विचारलंही नव्हतं. "आम्हाला यादी वरून येते. तुमच्या वहीचा काही संबंध नाही."

"फोटो कोणाला पाठवलेस?"

"कोणाला नाही मॅडम."

मी गप्प राहिले. वर्गात मी हेच करायचे. मूल स्वतःहून बोलेपर्यंत थांबायचं.

"ऑफिसच्या ग्रुपवर टाकले होते," तो म्हणाला. "अक्षर बघा म्हणून. आमच्या मॅडम म्हणून. खरंच तेवढंच मॅडम."

मला त्याचं खरं वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं. मी वही उघडून बसले. काठावर तीन इंजिनं होती. पलीकडची दोन वहीत कुठेच नव्हती, कारण दिशा ठरवायला मला त्यांचा उपयोग नव्हता. तिचं सहा वेळा होतं. वेळेसकट, दिशेसकट, सुवाच्य अक्षरात. नेलं ते एकच. कोणी त्या पानावरूनच गाडी पाठवली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दुसऱ्या कोणाविरुद्ध एवढा पुरावा माझ्याकडे असता तर मी एव्हाना निकाल लावून मोकळी झाले असते. एका पेनच्या रेघेवरून तर लावलाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो. मी वही घेऊन तिच्या खोपीसमोर बसले आणि पहिल्या पानापासून सगळं वाचलं, काही न गाळता. संशयाची ओळही वाचली. तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं. "म्हंजे मी तुमची हवा चोरून राहिले होते?"

"मला तसं वाटलं होतं."

"हवा?" तिने आजोबांकडे पाहिलं. "डॉक्टरसाब, हवा चोरून मी काय करू, पोळ्यासंग खाऊ?"

आजोबांनी मान फिरवली. मी पुढे वाचलं. धुई, लाकूड, इंजिन, पावणेसात. मग फोटोचं सांगितलं, ग्रुपचंही. तिने खुरपं उचललं आणि त्यावरचा गाळ पुसला. मग तिने अगदी तोच प्रश्न विचारला ज्याच्यासाठी मी रात्रीपासून उत्तर शोधत होते.

"मंग बाकीची इंजिनं काहून न्हाई लिवली?"

"तुझं जवळ होतं. ऐकू यायचं."

"व्हय," ती म्हणाली. "मी जवळ होते."

तिने हात पुढे केला. "ते पानं द्या."

फोटो घेतलेली पानं आता देऊन काय उपयोग, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. पिशवीतल्या कंपासपेटीतून पट्टी आणि ब्लेड काढलं. ती बघत राहिली. "माय, फाडायचं तर फाडा की, मोजून काय कापून राहिल्या," ती म्हणाली. मी कापली आणि दिली. तिने ती उलटसुलट पाहिली, चुलीत घातली, वर चहाचं पातेलं ठेवलं. तो चहा आम्ही तिघांनी घेतला. साखर जास्त होती.

इंजिन परत मिळवायला आम्ही ऑफिसात दोनदा जाऊन बसलो. बंदी उठल्यावर मिळेल असं उत्तर मिळालं, आणि नियमाने ते बरोबर होतं. पण खरबूज तोवर थांबणार नव्हतं. फळं लिंबाएवढी झाली होती, आणखी महिनाभर तरी पाणी लागणार होतं. हंड्याने पाणी न्यायला कोणाची ना नव्हती. पण पाणी उतरत चाललेलं, आणि वेल ते पाणी यांच्यामध्ये दोनशे पावलांचा गाळ. ती डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन निघायची, पोटरीपर्यंत रुतायची, अर्ध्या वाटेत एक हंडा सांडलेला असायचा.

आजोबा हे दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बोट गाळावरून घसरते."

तीच गोष्ट. बोट पाण्याच्या कडेला न्यायची, तिच्यात पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन उभे करायचे, पुढच्या कडीला दोर बांधायचा आणि गाळावरून ओढत वेलांपर्यंत आणायची. गाळ ओला असेपर्यंत ती तेल लावल्यासारखी सरकायची. ती बाई पुढे, आजोबा तिच्या मागे, मी बाजूने कॅन धरून. वरच्या अंगाचे वेल आम्ही सोडून दिले, तेवढं पाणी शक्यच नव्हतं. खालच्या सहा ओळी धरल्या. प्रत्येक बुडाशी तांब्याने पाणी.

पहिल्या दिवशी काम संपल्यावर मी सवयीने वही काढली आणि तिची मान वर झाली.

"आता बी लिवता?"

"तुझ्यासमोर लिहिते. मराठीत."

ती जवळ येऊन उभी राहिली. तिची शाळा चौथीत सुटलेली. मी लिहिलं ते तिने बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचलं. "फेरी प-य-ली. कॅन बारा." मग माझ्याकडे पाहिलं. "अकरा. एक तुमच्या मालकानं सांडला."

आजोबा म्हणाले, "तो गाळाने सांडला."

"गाळ काय हात लावतो व्हय?"

मी बारा खोडून अकरा केलं. माझ्या वहीतली पहिली खाडाखोड. तिने पेन मागितलं आणि ओळीपुढे एक बरोबरची खूण केली, बाईंनी करावी तशी. त्यानंतर दर फेरीला हेच. मी लिहायची, ती वाचायची, चूक काढायची आणि मगच खूण करायची. एकदा मी वेळ लिहिली तर म्हणाली, "वेळ नका लिवू." मी वेळ लिहिणं बंद केलं. त्या पानांवर तुम्हाला कुठेच वेळ सापडणार नाही.

तिने मला माफ केलं का? मला माहीत नाही. माझ्यासमोर ती फोनवर बोलायची नाही, उठून लांब जायची. मोबाईल माझ्या हातात दिसला की विचारायची, "फोटो काढून राहिल्या का?" विद्यार्थ्याचा फोन आला तर मीही लांब जाऊन घ्यायची, आणि मग परत येताना तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायची.

मार्चच्या मध्याला गाळ वाळून भेगाळला. वाळलेल्या गाळात शिंपल्यांच्या धारदार कडा वर आल्या आणि त्यांनी बोटीचा तळ फाडला. दोन फेऱ्या आम्ही तशाच केल्या. मग मागचा कप्पाही गेला. चाचांनी फाट्यावर ती पाहिली, बोटाने भोकं मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. "अम्मा, बोट को सड़क पे चलाए क्या?"

"चिखलात," आजोबांनी सांगितलं.

"पानी में चलाने की चीज है वो," चाचा म्हणाले, आणि ठिगळ लावायला नकार दिला.

खालच्या सहा ओळींपैकी चार आल्या. फळं आकाराने लहान, पण आतून केशरी आणि गोड. वरचे सगळे वेल जळाले. तिने पहिलं खरबूज आजोबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे डॉक्टरसाबला. मॅडमला न्हाई." ते आम्ही घरी येऊन निम्मं निम्मं खाल्लं. इंजिन तिला पाऊस पडल्यावर परत मिळालं. या वर्षी तिने पुन्हा खरबूज लावलं आहे. आम्ही जातो, काठावर बसतो. वही मी घरी ठेवून जाते.

तर तुम्ही डिसेंबरात येताय आणि बोट मागताय, म्हणून सांगून ठेवते. बोट नाही. निळ्या रबराचा एक तुकडा तिने खोपीच्या छपराला गळतीवर लावला आहे. एक वल्हं तिच्याकडे आहे, एक आमच्या दाराच्या मागे. पायपंप चालू स्थितीत आहे. वही आहे, सतरा आणि अठरा सोडून सगळी पानं आहेत, आणि शेवटच्या एकोणीस ओळी मराठीत आहेत. प्रत्येक ओळीपुढे तिच्या हातची खूण आहे.